मी जुनी केलेली खुर्ची

दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "बाई, लहानपणापासून सुरुवात करा. मग लग्न, मग संघर्ष." मी म्हटलं, तसलं काही लिहिणार नाही. माझ्या लहानपणात सांगण्यासारखं काही नाही आणि संघर्ष हा शब्द मला आवडत नाही. मी जुन्या लाकडाला पॉलिश करते. छत्तीस वर्षं करते आहे. त्यातली एकच गोष्ट मला सांगायची आहे आणि तिच्यात मी फारशी चांगली दिसत नाही. छापायची तर छापा. ते म्हणाले, "पाठवा."

परभणीत माझी एक पत्र्याची शेड आहे. पाटीवर 'पॉलिश' एवढा एकच शब्द. त्यामुळे एकदा एक शिपाई साहेबांचे बूट घेऊन आला होता. मी ते चमकवून दिले, आपल्याला काय! पण माझं खरं काम शिसवी कपाटं, सागवानी टेबलं, आरामखुर्च्या यांचं. त्यांची गेलेली चमक परत आणायची. नवी चढवायची नाही, त्यांचीच परत आणायची. हा फरक लोकांना समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

जुन्या काळी लाकडी सामानाला लाख चढवायचे. झाडावरच्या किड्यांपासून होते ती लाख. तिचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं लाकडावर फिरवायचे. एकावर एक कितीतरी हात, तरी सगळा थर मिळून कागदाएवढा. त्या थरावर वर्षानुवर्षं धूर, तेलाचे हात, उदबत्तीची काजळी बसत जाते आणि घरच्यांना वाटतं पॉलिश गेलं. ते गेलेलं नसतं, मळाखाली असतं. आणि लाख कितीही जुनी झाली तरी स्पिरिट लागलं की मऊ होते. तडे गेलेली लाख मऊ करून पुन्हा सपाट बसवता येते. तीच लाख, ज्यानं चढवली त्याच माणसाच्या हातची. हल्लीचे मिस्त्री आधी मशीन फिरवतात. दहा मिनिटांत लाख आणि तिच्याखाली लाकडात मुरलेला रंग, दोन्ही भुसा होऊन खाली पडतात. मग वरून काहीतरी चकचकीत फवारलं की गिऱ्हाईक खूश.

मी स्वतः सुरुवात काचपेपरनंच केली. करीमभाईंच्या फर्निचरच्या कारखान्यात बायकांना तेवढंच काम असायचं. घासा आणि घरी जा. मी घासलेली फळी बोटांच्या मागच्या बाजूनं चाचपून बघायची, ते करीमभाईंच्या नजरेला पडलं. त्यांनी माझ्या हातातला काचपेपर काढून घेतला आणि कापसाचा बोळा दिला. "पुराने को नया नक्को कर बेटी. पुराने को साफ कर. बस्स." बाकीचे कामगार हसले. एका जणानं तर काम सोडलं, बाईच्या शेजारी बसून पॉलिश करणार नाही म्हणून. करीमभाई त्याला म्हणाले, जा.

'नाही' म्हणायला मी त्यांच्याकडूनच शिकले. पाथरीचे एक निवृत्त हेडक्लार्क वडिलांचं टेबल घेऊन आले होते. वरती गरम कपांचे पांढरे गोल आणि मधोमध शाईचा मोठा डाग. गोल लाखेत होते, ते मी काढले. शाई लाकडात उतरली होती. ती काढायची म्हणजे लाकूड खरवडायचं. मी नकार दिला. ते चिडले आणि दुसरीकडे जाऊन टेबल मशीननं घासून आणलं. सहा महिन्यांनी परत आले आणि हळू आवाजात विचारायला लागले, "बाई, तो शाईचा डाग परत पाडता येईल का हो?" मी म्हटलं, "शाईची बाटली आणा आणि तुम्हीच सांडा. मी पाडलेला डाग वडिलांचा कसा होईल?"

हे वाक्य मी पुढं बरीच वर्षं लोकांना ऐकवत होते. एके दिवशी ते मलाच ऐकावं लागलं.

तीन वर्षांपूर्वी, आषाढ संपत आला होता. सोनपेठचे गुरलिंगआप्पा टेम्पो घेऊन माझ्या दारात आले. सत्तरीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बाजारात तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. त्यांच्या गावच्या मठात श्रावणातल्या एका सोमवारी नवे महाराज गादीवर बसणार होते आणि बसायचं आसन आप्पांच्या घरानं द्यायचं ठरलं होतं. टेम्पोतून दोघांनी मिळून एक मोठी खुर्ची उतरवली. काळपट, कोरीव पाठीची.

"बाई, ही बघा," आप्पा म्हणाले. "निजामाच्या काळातली हाय. जहागीरदाराच्या घरची. लय शोधून आणली. जरा तेज गेलंय, तेवढं आणा. आन मशीन लावू नका बरं का."

मी नेहमीसारखा हात फिरवला. खुर्चीच्या हाताच्या वरच्या अंगाला झिजेचा खोलगटपणा होता. मग बोटं खाली वळवली आणि तिथंच थांबवली. खालची कड धारदार होती. माणूस वर्षानुवर्षं खुर्चीत बसतो तेव्हा तळवा वर घासतो, पण बोटं खाली वळतात. खालची कडही झिजते. ही ज्यानं जुनी केली होती तो वरचं घासायला विसरला नव्हता, खालचं विसरला होता.

ती मीच होते.

त्याच्या दोन वर्षं आधी एक व्यापारी माझ्याकडे खूप काम आणायचा. गावोगावचं जुनं सामान विकत घ्यायचा, माझ्याकडून साफ करून घ्यायचा आणि मोठ्या शहरात पाठवायचा. त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळे त्याच्याकडे बघतील आणि मी सुटेन. एकदा तो सागवानाची नवीकोरी खुर्ची घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, जुनं साफ करणारे पुष्कळ आहेत. हिला शंभर वर्षांची करून दाखवा. पण ते तुमच्यानं व्हायचं नाही."

व्हायचं नाही, एवढंच तो म्हणाला. गरज होती म्हणून केलं असं मी म्हणाले असते तर लोकांनी समजून घेतलं असतं. तशी काही गरज नव्हती. मी ते हौसेनं केलं. हिरड्याचा काढा आणि लोखंडाचा कीस यांचं पाणी लावलं की सागवान काळं पडतं. त्यावर गडद लाख, लाखेवर काजळी. सायकलच्या चाकाची तार तापवून किड्याची भोकं पाडली. किडा सरळ जात नाही म्हणून तार वाकवून घेतली. एवढा विचार केला! बारा दिवस मी जेवायलासुद्धा घाईत उठत होते. खुर्ची झाली तेव्हा व्यापारी तिच्याभोवती दोन वेळा फिरला आणि माझ्या पाया पडला. ती कुठं जाणार हे मी विचारलं नाही. विचारायला हवं हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि आता ती खुर्ची आप्पांच्या श्रद्धेसकट माझ्या दारात उभी होती.

मी आप्पांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "आप्पा, ही खुर्ची जुनी नाही."

"कुणी सांगितलं तुमाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? ही मीच जुनी केलीय."

त्यांना ते कळलंच नाही. मी कापसाला स्पिरिट लावून मागच्या पायाच्या आतल्या बाजूला घासलं. कापूस काळा झाला. मग पटाशीनं नखाएवढा कपचा काढला. आत पिवळं, ताजं सागवान. वासही नव्या लाकडाचा.

आप्पांनी त्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी पाहुण्यारावळ्यांत सांगून बसलोय. पत्रिकेत छापलंय. बाई, तुमी चमक लावा आन गप ऱ्हावा. तुमालाबी त्रास न्हाई, मलाबी न्हाई."

"चमक लावणार नाही."

"मंग दुसरा कुणी लावल."

"लावू द्या. पण मला कुणी विचारलं तर मी हेच सांगणार."

ते ताडकन उठले. "तुमीच खोटं करायचं आन तुमीच खरं सांगायचं! लाज न्हाई वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "म्हणूनच सांगतेय."

खुर्ची टेम्पोत चढली आणि गेली. संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. आप्पांनी त्याला जाब विचारला असणार. सुरुवातीला त्यानं अहो-जाहो केलं. "बाई, तुमचं निम्मं काम माझ्याकडून येतं."

"येत होतं," मी म्हटलं.

मग तो अगं-तुगंवर आला. "घासकाम करणारी बाई तू. तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? मी सांगेन, काम मिळालं नाही म्हणून बोलतेय."

"सांग की. शब्द नको माझा. कापूस आणि स्पिरिट घेऊन येते, तुझ्या गोडाऊनातली एकेक वस्तू पुसून दाखवते. चालेल?"

त्यानं फोन ठेवला.

चार दिवसांनी आप्पांचा फोन आला. फक्त एवढंच म्हणाले, "घास उतरंना झालाय, बाई. या एकदा." मी एसटीनं सोनपेठला गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत ती खुर्ची चादर टाकून ठेवली होती. आप्पा तिच्याकडे बघत नव्हते.

"आता काय करू? सोमवार दहा दिवसांवर आला. दुसरी खुर्ची कुठनं आणू?"

"घरात जुनं काय आहे?"

"काई न्हाई. सगळं भंगार."

मी खोलीत नजर फिरवली. भिंतीकडेला कापडाच्या गठ्ठ्यांखाली एक लांब बाकडं होतं. काळंकुट्ट, हात लावला तर चिकट. मी दोन गठ्ठे बाजूला केले, कापसाला स्पिरिट लावून एका कोपऱ्याला हलकेच टेकवलं. कापसावर चहासारखा तपकिरी रंग आला. लाख. पुसलेल्या जागी रुपयाएवढा शिसवाचा रंग उघडा पडला, जांभळट, आत काळ्या रेषा.

"हे काय आहे आप्पा?"

"ते? बाकडं. माझे आजोबा बसायचे त्याच्यावर, कापड मोजायला. आता पोरं पाय ठिवत्यात."

"महाराजांना हेच द्या."

आप्पांचा मुलगा विश्वनाथ दारात उभा होता. दुकान आता तोच बघतो. तो म्हणाला, "द्यायचंच असंल तर मशीनवाल्याला बोलावतो. दोन तासांत चकाचक करून देतो तो. दहा दिवस कशाला?" आणि त्यानं फोन काढला. मी जाऊन बाकड्यावर मांडी घालून बसले.

"मशीन लावायचं तर माझ्यासकट लावा."

विश्वनाथ वडिलांकडे बघायला लागला. आप्पांनी त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसल्यासारखं केलं. "ठिव रे फोन," ते म्हणाले.

स्पिरिट एसटीत नेऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, म्हणून सामान टेम्पोनं मागवलं. मी सोनपेठलाच राहिले, आप्पांच्या घरी. पहिले तीन दिवस नुसता मळ. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं, पुसायचं, लगेच कोरडं करायचं. मग टर्पेंटाइन. तेलाचा आणि धुळीचा मळ लोण्यासारखा निघत होता. चौथ्या दिवशी लाख दिसली. तळ्यातला गाळ वाळल्यावर पडतात तसे तडे होते तिला. मग कापसाचा बोळा घेतला. भरपूर स्पिरिट, नावाला लाख, बोट बुडवून जवसाच्या तेलाचा एक थेंब. बोळा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवत राहायचा आणि लाकडावर कधीही थांबवायचा नाही. थांबला की चिकटला. जुनी लाख मऊ होत गेली, तडे बुजत गेले.

सहाव्या दिवशी सकाळी मी खोलीत आले आणि बाकड्यावर दूध सांडल्यासारखा पांढरा पडदा होता. श्रावणाची भुरभुर चालू होती. दमट हवेत स्पिरिट उडताना हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लाख पांढरी पडते. हे मला पाठ होतं. तरी दिवस कमी उरले म्हणून मी आदल्या संध्याकाळी घाई केली होती. आप्पा मागं येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "हेबी खोटं निघालं का काय?"

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला पुष्कळ बोल लावले, पण एवढं लागलं नव्हतं. विश्वनाथ खोली सुकवायला शेगडी आणतो म्हणाला. स्पिरिटच्या खोलीत विस्तव! मी त्याला हाकलला. बाकड्यावर सुती चादर टाकली, दार लावलं आणि आप्पांना सांगितलं, "ऊन पडेपर्यंत मी हात लावणार नाही. तुम्हीही लावायचा नाही. सोमवार चुकला तर चुकला."

दीड दिवस मी त्या दाराबाहेर बसून होते. शनिवारी दुपारी ऊन पडलं. खोली तापू दिली, मग नुसत्या स्पिरिटचा ओलावा असलेला बोळा वाऱ्यासारखा वरून नेला. एकदा, दोनदा. पडदा सरकत गेला. चौथ्या हाताला शिसव वर आलं, काळ्या रेषांसकट, आणि छपराचा पंखा त्यात फिरताना दिसायला लागला.

एका टोकाला लाकूड बसून बसून झिजलं होतं. कडेला बारीक खाचा होत्या. विश्वनाथ म्हणाला, "एवढं तरी भरून घ्या." मी म्हटलं, नाही. आप्पांनी त्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मोजलेलं कापड हितं ठिवून कात्री मारायचे आजोबा." मग ते तिथून उठलेच नाहीत.

सोमवारी मांडव भरला होता. बाकडं आत आणलं तेव्हा पुढच्या रांगेतले पाहुणे कुजबुजायला लागले. एकानं मोठ्यांदा विचारलं, "आप्पा, पत्रिकेत खुर्ची व्हती ना? हे दुकानातलं बाकडं आणलं व्हय?"

आप्पांनी माईक हातात घेतला. ते काय बोलणार हे मला माहीत नव्हतं.

"खुर्ची खोटी निघाली," ते म्हणाले. "मी फसलो. हे बाकडं माझ्या आज्याचं हाय, खरं हाय, म्हणून आणलं." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. ते थांबले नाहीत. "ती खुर्ची जुनी करणारी बाई हितंच बसलीय. आन ती खोटी हाय हे मला सांगणारी बाईबी तीच. ह्या बाकड्याचं तेजबी तिनंच आणलं. बाई, उभ्या ऱ्हावा."

मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या नाहीत. दोन-तीनशे माणसं नुसती बघत होती. काहींच्या नजरेत राग होता, बायका एकमेकींच्या कानाला लागत होत्या. मी हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही. खोट्यातलं आणि खऱ्यातलं, दोन्हीकडं जे माझं होतं ते माझ्या नावावर वाचून दाखवलं गेलं होतं. सगळं ऐकून घ्यायला मी उभी राहिले आणि पुरेसा वेळ झाल्यावर बसले. महाराज बाकड्यावर बसले, तळहातानं लाकूड चाचपलं आणि मंत्र सुरू झाले.

नंतरचं सांगते. व्यापाऱ्याचं काम बंद झालं. सेलूच्या एका घरानं माझ्याकडचं अर्धवट झालेलं कपाट परत नेलं. आप्पांनी खुर्ची व्यापाऱ्याला परत केली. ती जाण्याआधी मी उलटी करवली आणि बैठकीच्या खाली माझ्या नावगावासकट पटाशीनं कोरलं, 'ही नवी आहे. प्रयाग, परभणी.' त्यानं ते रंध्यानं काढलं असेल. मग तिथं लाकूड खोलगट लागेल. ती आज कुणाच्या दिवाणखान्यात आहे मला माहीत नाही आणि ही एक गोष्ट मला खाते. म्हणूनच मी संपादकांना हे पाठवलं, आणि मिस्त्री म्हणून मला कुणी काम दिलं नाही तरी चालेल असं ठरवून पाठवलं.

त्या सोमवारी मी मांडवातून निघाले तेव्हा एक म्हातारी माझ्या वाटेत उभी राहिली. काशीबाई. गावातच दोन एकर रान, हातात काठी.

"खोटी खुर्ची केलेली तूच ना?"

"हो मावशी."

"माझ्या घरी पेटी हाय. सासूची. पार काळी पडलीय. करशील?"

"आत्ताच ऐकलंत ना सगळं? तरी मलाच देता?"

"ऐकलं म्हणून तर. पर पेटी घराभाईर जाणार न्हाई. माझ्या वसरीवर बसून करायचं. मी समोर बसणार."

मी तिच्या ओसरीवर तीन दिवस बसले. ती समोर पोत्यावर बसून शेंगा फोडत होती आणि माझ्या हातावरून नजर काढत नव्हती. मी प्रत्येक कापूस तिला दाखवत होते, हा मळ, ही लाख, इथं थांबले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं काठी घेतली आणि उठली.

"मी रानात चालले. तू कर तुझं. आता काय बघायचं!"

"नाही मावशी," मी म्हटलं. "बसा. बघा."

ती बसली.